मूल मराठी बोलतं, पण वाचत नाही? बेंगळुरूतल्या घरांसाठी मोफत मराठी गोष्टी आणि त्या वाचण्याची सोपी पद्धत

बेंगळुरूतल्या मराठी घरांमध्ये हे चित्र बऱ्याचदा दिसतं. मूल आईशी मराठीत बोलतं, व्हिडिओ कॉलवर आजीशी मराठीत हुज्जत घालतं, गणपतीत आरतीही म्हणतं. पण मराठीचं पुस्तक समोर ठेवलं की दोन ओळींत कंटाळतं आणि म्हणतं, 'तूच वाच ना!' तोपर्यंत इंग्रजीची पुस्तकं मात्र ते एकटं बसून संपवायला लागलेलं असतं.

पालकांना वाटतं, चालायचंच. बोलतंय ना, मग पुरे. पण इथे एक गोष्ट हळूहळू घडत असते. घरातलं बोलणं 'जेव', 'झोप', 'चप्पल कुठे टाकलीस', 'अभ्यास झाला का' याच्या पलीकडे फारसं जात नाही. 'पाणवठा', 'कपार', 'हुरहूर', 'चिवट' असे शब्द आपण रोजच्या बोलण्यात किती वेळा वापरतो? ते पुस्तकांतच भेटतात. मूल वाचत नसेल तर त्याची इंग्रजी दहाव्या वर्षी दहा वर्षांच्या मुलाची असते आणि मराठी मात्र पाच वर्षांच्या मुलाची राहते. पुढे मोठ्या, गुंतागुंतीच्या गोष्टी बोलायच्या वेळी ते मूल आपसूक इंग्रजीकडे वळतं आणि आजीशी होणारं बोलणं 'जेवलीस का' इथेच थांबतं.

चांगली बातमी अशी की यावर उपाय महाग नाही. मराठी गोष्टींचा मोठा साठा आज ऑनलाइन मोफत आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा साठा तर बेंगळुरूतूनच चालतो. शिवाय बेंगळुरूत वाढणारं मूल मराठी वाचायला लागतं तेव्हा ते शून्यापासून सुरुवात करत नसतं. हे कसं, ते आधी पाहूया.

तुमच्या मुलाकडे आधीच काय काय आहे?

कर्नाटकातल्या शाळांमध्ये २०१५ च्या कायद्यानुसार कन्नड शिकावंच लागतं. त्यासोबत इंग्रजी असतेच आणि अनेक शाळांमध्ये हिंदीही असते. मराठी पालकांना हे ओझं वाटतं, 'आता यात मराठी कुठे बसवायची?' पण जरा वेगळ्या बाजूने पाहा.

- घरच्या बोलण्यातून मुलाला मराठी समजते. वाचलेल्या शब्दाचा अर्थ लावायला हीच सर्वात मोठी शिदोरी आहे.
- हिंदीतून त्याला देवनागरी लिपी मिळते. मराठीची बहुतेक अक्षरं तिथेच ओळखीची होतात.
- कन्नडमधून त्याला बाराखडीची पद्धत कळते. शाळेत ते ज्याला 'कागुणित' म्हणतं ती आपली बाराखडीच आहे. व्यंजनाला स्वराचं चिन्ह जोडायचं, ही युक्ती दोन्हीकडे एकच.
- 'ळ' हा आवाजही कन्नडमधूनच मिळतो. हिंदीत तो जवळजवळ नाही. पण कन्नडमध्ये शहराचं नाव 'बेंगळूरु' असं आहे आणि त्यात ळ आहे! या शहरातलं मूल 'बाळ' आणि 'फळ' सहज म्हणू शकतं.

म्हणजे अर्थ घरातून, लिपी हिंदीतून आणि पद्धत कन्नडमधून आलेली आहे. कमी आहेत त्या दोनच गोष्टी. एक, वाचायला भरपूर सोपा आणि मजेदार मजकूर. दोन, शेजारी बसून वाचणारं एक मोठं माणूस. पहिली गोष्ट इंटरनेटवर मिळते. दुसरी आपल्यालाच द्यावी लागते.

घाई का करू नये?

इंग्रजी फोनिक्सची सवय झालेल्या पालकांना वाटतं की २६ अक्षरं झाली, आवाज झाले, आता वाचायला हवं. भारतीय लिप्यांचं गणित वेगळं आहे. मुळाक्षरं, मात्रा, जोडाक्षरं मिळून मुलाला शेकडो आकार ओळखावे लागतात.

बेंगळुरूत काम केलेल्या अभ्यासक सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की अक्षरांची पूर्ण ओळख पहिली-दुसरीत संपत नाही, ती चौथीपर्यंत चालू राहते. मराठीची रचनाही तशीच आहे. त्यामुळे सात वर्षांचं मूल 'प्र' किंवा 'स्त्र'पाशी अडलं तर ते मागे पडलंय असं समजू नका. ते वाटेत आहे. आणि आपल्या लिपीचा फायदाही मोठा आहे. एकदा चिन्हं पक्की झाली की नवा शब्द कसा उच्चारायचा, हे बहुतेक वेळा अक्षरांवरूनच कळतं. इंग्रजीसारखं प्रत्येक स्पेलिंग पाठ करावं लागत नाही.

बेंगळुरूतून चालणारा गोष्टींचा साठा: स्टोरीवीव्हर

प्रथम बुक्स ही ना-नफा प्रकाशन संस्था २००४ मध्ये बेंगळुरूत सुरू झाली. तिच्यामागचं कारण आपल्यालाही लागू पडणारं आहे. मुंबईत सुरू झालेली 'प्रथम' ही संस्था मुलांना वाचायला शिकवत होती. पण वाचायला शिकलेल्या मुलांच्या हातात द्यायला, त्यांच्या भाषेतली स्वस्त आणि चांगली पुस्तकंच पुरेशी नव्हती. त्यासाठी प्रथम बुक्स उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रोहिणी निलेकणी यांनी 'नोनी' या टोपणनावाने मुलांसाठी गोष्टीही लिहिल्या. त्यांचा शृंगेरी श्रीनिवास हा लांबच लांब केसांचा माणूस अनेक भारतीय भाषांमधल्या मुलांना माहीत आहे.

पुढे ८ सप्टेंबर २०१५ रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, या संस्थेने स्टोरीवीव्हर हे ऑनलाइन व्यासपीठ सुरू केलं. सुरुवात सुमारे ८०० गोष्टी आणि २४ भाषांनी झाली. आज तिथे ३०० हून अधिक भाषांमध्ये गोष्टी आहेत आणि त्यात मराठी आहे.

पालकांच्या दृष्टीने त्याच्या चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

१. वाचायला पैसे लागत नाहीत. गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहेत. म्हणजे लेखक, चित्रकार आणि प्रकाशकाचं नाव देऊन त्या छापता येतात, वाटता येतात, भाषांतरितही करता येतात. गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात गोष्टीची प्रत काढून मुलाला दिलीत तर ते नियमाला धरूनच आहे.

२. भाषा निवडता येते. शोधताना मराठी निवडली की फक्त मराठी गोष्टी दिसतात.

३. एकच गोष्ट अनेक भाषांत मिळते. अनेक गोष्टी मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा सगळ्या भाषांत आहेत. बेंगळुरूतल्या घरासाठी ही फार उपयोगाची सोय आहे. ती कशी वापरायची ते पुढे येईलच.

४. पातळ्या ठरवलेल्या आहेत. कुठलं पुस्तक कुणासाठी, हे आपल्याला अंदाजाने ठरवावं लागत नाही.

कोणती पातळी निवडायची?

- पातळी १: नुकतं वाचायला लागलेल्या मुलांसाठी. सोपे शब्द, तेच तेच येणारे शब्द, साधारण २५० शब्दांपर्यंत.
- पातळी २: ओळखीचे शब्द वाचू शकणाऱ्या पण नव्या शब्दाला मदत लागणाऱ्या मुलांसाठी. साधारण ६०० शब्दांपर्यंत.
- पातळी ३: एकट्याने वाचू शकणाऱ्या मुलांसाठी. साधारण १५०० शब्दांपर्यंत.
- पातळी ४: सफाईने वाचणाऱ्या मुलांसाठी. त्याहून मोठ्या गोष्टी.

एक लक्षात ठेवा, इथे मुलाचं वय किंवा इयत्ता मोजायची नाही. इंग्रजीत जाडजूड पुस्तक वाचणारं चौथीतलं मूलही मराठीत पातळी १ पासून सुरू करू शकतं. फक्त 'हे बाळांचं पुस्तक आहे' असं त्याला वाटू नये. त्यासाठी एक युक्ती करा. लहान भावंडाला किंवा शेजारच्या छोट्याला वाचून दाखवायचं काम त्याला द्या. मग सोपं पुस्तक वाचण्यात कमीपणा राहत नाही.

पुस्तक अवघड आहे का हे पाहायला पाच बोटांची पद्धत वापरा. पातळी २ च्या पुढची गोष्ट असेल तर एक पान वाचायला लावा. प्रत्येक अडलेल्या शब्दाला एक बोट मिटा. पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं, मुलाने एकट्याने वाचायचं नाही.

आणखी एक सूचना. या व्यासपीठावर कुणालाही भाषांतर करून गोष्ट टाकता येते. त्यामुळे सगळ्या गोष्टींचं मराठी सारखं चांगलं नसतं. काही वाक्यं इंग्रजीच्या मागे फरपटत गेल्यासारखी वाटतात. मुलाला देण्याआधी दोन मिनिटं काढून स्वतः मोठ्याने वाचून पाहा. तुमची जीभ अडखळली तर दुसरी गोष्ट घ्या. प्रथम बुक्सने स्वतः प्रकाशित केलेल्या गोष्टींपासून सुरुवात करणं सोयीचं.

आणखी कुठे शोधाल?

ई-बालभारती: महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे १९६७ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांमध्ये मराठी शिकवणं बंधनकारक झालं. इतर माध्यमांच्या मुलांसाठी मराठीची वेगळी, सोपी पुस्तकंही आहेत. बाहेर वाढणाऱ्या मुलांना तीच जास्त जवळची वाटतात.

कर्नाटकाची मराठी पाठ्यपुस्तकं: बेळगावसारख्या सीमाभागात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. त्यामुळे कर्नाटक सरकारही मराठीत पाठ्यपुस्तकं काढतं. बेंगळुरूतल्या अनेक मराठी पालकांच्या हे लक्षातच येत नाही.

'किशोर' मासिक: बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक डिजिटल करून मोफत खुले केले आहेत. मूल सफाईने वाचायला लागलं की, साधारण नऊ-दहा वर्षांपुढे, हा खजिना आहे. शिवाय तुम्ही स्वतः लहानपणी वाचलेला एखादा अंक सापडला तर मुलापेक्षा तुम्हीच आधी रमाल.

अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ: टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवणारे पुण्याचे अरविंद गुप्ता यांनी मुलांच्या पुस्तकांचा मोठा साठा मोफत उपलब्ध करून दिला आहे. त्यात मराठी पुस्तकंही भरपूर आहेत. खेळणी करायला आवडणाऱ्या, पण गोष्टींना नाक मुरडणाऱ्या मुलांसाठी हा चांगला रस्ता आहे. 'कसं बनवायचं' हे कळण्यासाठी ती आपोआप वाचतात.

छापील पुस्तकं आणि मासिकं: स्क्रीनवर सगळं भागवू नका. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टची 'नेहरू बाल पुस्तकालय' मालिका, पुण्याहून निघणारं 'चिकूपिकू', चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची द्विभाषिक पुस्तकं, यातलं जे मिळेल ते घरात ठेवा. सुट्टीत गावी गेलात की येताना बॅगेत दोन पुस्तकांची जागा ठेवा.

हिंदी वाचणारं मूल मराठीत कुठे अडखळतं?

हिंदीतून देवनागरी आली तरी काही जागा खास मराठीच्या आहेत. बहुतेक मुलं याच ठिकाणी अडतात. त्या आधीच माहीत असतील तर आपण चिडत नाही आणि मूलही खट्टू होत नाही.

१. शब्दाच्या शेवटचं टिंब: 'झालं', 'केलं', 'घरं', 'असं'. हिंदीची सवय असलेलं मूल इथे नाकातला आवाज काढतं किंवा चक्क 'झालम्' असं वाचतं. त्याला सांगा, 'शेवटच्या अक्षरावर टिंब दिसलं की तो अ थोडा लांबवायचा, आपण घरी बोलतो तसा.' ते बोलताना हे बरोबरच म्हणत असतं. फक्त चिन्ह आणि आवाज यांची गाठ घालून द्यायची असते.

२. दोन प्रकारचे च, ज आणि झ: 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च वेगळा आहे. 'जीभ' मधला ज आणि 'जाळं' मधला ज वेगळा आहे. लिहिताना फरक दिसत नाही. इथे नियम शिकवू नका. मुलाला शब्द बोलता येत असेल तर अर्थावरून उच्चार सापडतो. नवा शब्द असेल तर तुम्ही एकदा म्हणून दाखवा.

३. 'ऱ्य' आणि 'र्य': 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना आणि 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना. हिंदीत हा वेगळा र नाही. मुलांना या जोड्या सांगितल्या की ती हसतात आणि हसता हसता लक्षातही ठेवतात.

४. 'ल' आणि 'श' यांचे आकार: छापील मराठी पुस्तकांत ही दोन अक्षरं हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाची असतात. मोबाइलवर मात्र बरेचदा हिंदी वळणाचीच दिसतात. त्यामुळे स्क्रीनवर नीट वाचणारं मूल छापील पुस्तकात अचानक थांबलं तर हे कारण असू शकतं. दोन्ही आकार एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

५. सारखे दिसणारे, वेगळ्या अर्थाचे शब्द: हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत मात्र ती वर्गाबाहेर उभं राहण्याची! हिंदीतली 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे ती थट्टा आहे. अशा शब्दांची एक वही करा. त्याच वहीत कन्नडशी जुळणारे शब्दही लिहा. तूप आणि तुप्पा, शर्टाची गुंडी आणि गुंडी, अण्णा आणि अक्का. मुलांना असे शब्द शोधायला फार आवडतं.

रोजची पंधरा मिनिटं: एका आठवड्याचा बेत

बेंगळुरूतल्या ट्रॅफिकमधून घरी आल्यावर कुणालाच तासभर शिकवायचा उत्साह नसतो. त्याची गरजही नाही. आठवड्याला एकच छोटी गोष्ट घ्या.

सोमवार: गोष्ट तुम्ही वाचा. मुलाने फक्त ऐकायचं आणि चित्रं पाहायची. तुमचं बोट शब्दांखालून फिरू द्या.

मंगळवार: पुन्हा तुम्हीच वाचा, पण परत परत येणाऱ्या वाक्यापाशी थांबा. ते मूल म्हणेल.

बुधवार: एक ओळ तुम्ही, एक ओळ मूल. अडलं तर तीन सेकंद थांबा आणि मग शब्द सांगून टाका. 'आठव बरं, काल सांगितलं होतं' असं म्हणू नका. गोष्ट पुढे जाणं महत्त्वाचं.

गुरुवार: तीच गोष्ट कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत उघडा. यावेळी मुलाने तुम्हाला वाचून दाखवायचं. तुमचं कन्नड कच्चं असेल तर उत्तमच! 'या शब्दाचा अर्थ काय रे?' असं खरोखर विचारा. आज शिक्षक तो आहे.

शुक्रवार: मूल मराठीत संपूर्ण गोष्ट वाचेल. चार दिवसांत ती त्याला निम्मी पाठ झालेली असेल. हरकत नाही. पाठ असलेली गोष्ट बोट ठेवून वाचणं हाही वाचायला शिकण्याचाच भाग आहे.

शनिवार किंवा रविवार: व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांना वाचून दाखवायची. त्यांना आधीच सांगून ठेवा की मध्ये चुका काढायच्या नाहीत. 'मग पुढे काय झालं?' एवढंच विचारायचं.

गोष्ट संपल्यावर प्रश्नोत्तरं घेऊ नका. त्यातून तिचा धडा होतो. त्याऐवजी 'तू त्याच्या जागी असतास तर काय केलं असतंस?' एवढं विचारा आणि तुमचं उत्तरही सांगा.

वाचायला शिकवणारं ॲप घ्यावं का?

गूगलने २०१९ मध्ये भारतात 'बोलो' नावाचं ॲप आणलं. पुढच्या वर्षी ते 'रीड अलाँग' या नावाने जगभर गेलं आणि त्यातल्या नऊ भाषांमध्ये मराठी होती. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं आणि अडलेला शब्द सांगतं, अशी ही कल्पना. काही ठिकाणी गोष्ट ऐकू येताना तो तो शब्द रंगाने उजळतो. ऐकणं आणि पाहणं एकत्र आलं की शब्दाचा आकार लवकर लक्षात राहतो. सरावासाठी ही साधनं चांगली आहेत.

पण ॲपला हे कळत नाही की आपल्या मुलाला हत्तीची भीती वाटते, किंवा 'आत्या' हा शब्द वाचताना त्याला पुण्याची आत्या आठवली म्हणून ते थांबलं. तिथे थांबून दोन वाक्यं बोलणं, यातूनच वाचलेल्या शब्दाला अर्थ चिकटतो. ॲप दुपारच्या दहा मिनिटांसाठी ठेवा. रात्रीची गोष्ट मात्र माणसाने वाचायची.

स्क्रीनचं भानही हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा जास्त नसावा आणि कमी असेल तितकं बरं. एवढ्या लहान मुलांसाठी गोष्ट छापून घेणं किंवा पुस्तक आणणं चांगलं.

आजी-आजोबांनाही काम द्या

गोष्टींचं भाषांतर कुणीही करू शकतं, हे वर आलंच आहे. मग ते घरीच का करू नये? कोल्हापूरच्या आजोबांना एखादी इंग्रजी गोष्ट पाठवा आणि म्हणा, 'नातवासाठी ही तुमच्या मराठीत लिहा.' छापील पुस्तकात न सापडणारे शब्द त्यांच्याकडे असतात. नागपूरच्या आजीची गोष्ट वऱ्हाडी वळणाची होईल, मालवणच्या काकूची मालवणी. तिथली चित्रं वापरून स्वतःची नवी गोष्टही तयार करता येते.

आजोबांनी लिहिलेली गोष्ट मूल वाचेल का? वाचेलच. कारण ती कुणी लिहिली हे त्याला माहीत आहे. आणि पुढच्या कॉलवर बोलायला एक खरा विषय मिळेल.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

प्रश्न: आमच्या मुलाला शाळेत हिंदी नाही. देवनागरी अजिबात येत नाही. सुरुवात कशी करू?
'अ अननसाचा'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी अक्षरं आधी पाठ करून घेऊ नका. फलटणमध्ये अनेक वर्षं काम केलेल्या भाषातज्ज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी दाखवलेला मार्ग जास्त उपयोगी आहे. थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा एकत्र शिकवायची, म्हणजे मूल लगेच अर्थ असलेले शब्द वाचू लागतं. उदाहरणार्थ क, म, ल, न आणि काना एवढ्यावर काका, मामा, नाक, कान, काम, लाल, मका हे शब्द होतात. पहिल्याच आठवड्यात मूल 'मी वाचलं!' असं म्हणू शकतं. तो आनंद पुढचे सहा महिने पुरतो.

प्रश्न: तीन-चार भाषांमुळे मुलाचा गोंधळ होणार नाही का?
बोलताना भाषा मिसळणं हे बहुभाषिक मुलांमध्ये नेहमीचंच आहे. ते आजाराचं लक्षण नाही. मात्र अक्षरओळखीच्या वेळी दोन नव्या लिप्या एकाच आठवड्यात सुरू करू नका. शाळेत कन्नडची मुळाक्षरं नुकती सुरू झाली असतील तर मराठी काही दिवस फक्त ऐकण्यापुरती ठेवा. मुलाला बोलायला किंवा वाचायला खूपच त्रास होतोय असं सगळ्याच भाषांमध्ये दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

प्रश्न: आमच्यापैकी एकच जण मराठी आहे. दुसऱ्याने काय करायचं?
तीच गोष्ट आपापल्या भाषेत वाचा. एका रात्री आई मराठीत, दुसऱ्या रात्री बाबा तमिळ किंवा मल्याळममध्ये. मुलाला गोष्ट माहीत असल्याने दोन्ही भाषा सोप्या जातात आणि घरात कुणाची भाषा मागे पडत नाही.

प्रश्न: मूल इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितं-वाचतं. तेवढं पुरे नाही का?
मेसेजपुरतं ठीक आहे. पण त्या लिपीत काल, कल, काळ आणि कळ हे चारही शब्द जवळजवळ एकसारखेच दिसतात. पुस्तकं तर देवनागरीतच आहेत. ते दार बंद ठेवू नका.

प्रश्न: मूल दहा-अकरा वर्षांचं झालं. उशीर झाला का?
नाही. मोठ्या मुलाला बोलणं आणि दुसऱ्या लिपीतलं वाचन आधीच येत असतं, त्यामुळे ते लवकर पुढे जातं. फक्त त्याच्या आवडीचा विषय शोधा. क्रिकेट, अंतराळ, भुताच्या गोष्टी, काहीही चालेल. 'चांगलं साहित्य' नंतर वाचता येईल.

जाता जाता

शहाजीराजांच्या काळापासून या शहरात मराठी बोलली जाते आणि त्यांच्या दरबारातले कवी तर अनेक भाषांत रचना करत असत. अनेक भाषांमध्ये राहणं इथे नवीन नाही. तुमचं मूल कन्नड, हिंदी, इंग्रजी शिकतंय यात मराठीचं काही जात नाही, उलट त्यातूनच मराठी वाचण्याची अर्धी तयारी होते.

आज रात्री एवढंच करा. स्टोरीवीव्हर उघडा, मराठी निवडा, पातळी १ निवडा आणि मुलालाच चित्र पाहून एक गोष्ट पसंत करू द्या. वाचा तुम्ही. बोट शब्दांखाली ठेवा. बाकीचं उद्या.